५०२ चे ६२९७७ कसे झाले

रांजणगाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते महागणपतीमुळे. पण सकाळच्या पाळीला पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरून ज्या कंपनीच्या बसगाड्या रांगेने वळतात, त्या देवळाकडे नाही, एमआयडीसीकडे वळतात. शिरूर तालुक्यातल्या या वसाहतीत फ्रिज बनतात, वॉशिंग मशीन बनतात, मोटारी बनतात. दक्षिणेला दौंड तालुक्यात, सोलापूर रस्त्यावर, कुरकुंभची वसाहत आहे. तिथे रसायनांचे कारखाने. माल वेगळा असला तरी आतलं चित्र बरंचसं सारखं असतं. यंत्राशेजारच्या पोलादी पॅनेलमध्ये पीएलसी, म्हणजे यंत्र चालवणारा छोटा संगणक, बसवलेला असतो आणि तो तापमान, दाब, मोटारीचे फेरे मोजत राहतो. कंट्रोल रूममध्ये विंडोजच्या पीसीवर स्काडाचा, म्हणजे देखरेखीच्या प्रणालीचा, पडदा. आणि अलीकडे त्याच पॅनेलच्या कोपऱ्यात लिनक्सवर चालणारी, ओंजळीत मावेल एवढी एक डबी. आकडे मुख्य कार्यालयाला पाठवणं हे तिचं काम.

ही तिन्ही यंत्रं एकमेकांशी बोलतात ती सॉकेटच्या आधाराने. सॉकेट म्हणजे प्रोग्रॅमने ऑपरेटिंग सिस्टीमकडून मागून घेतलेलं, दुसऱ्या यंत्रापर्यंत पोहोचणाऱ्या संवादाचं एक टोक. जावा किंवा पायथनमध्ये लिहिणाऱ्याला त्याची फार झळ लागत नाही. भाषाच बरंचसं निस्तरते. सी भाषेत मात्र प्रत्येक बाइटचा हिशेब लिहिणाऱ्यानेच ठेवायचा. आणि तोच कोड विंडोजवर, लिनक्सवर, शिवाय मॅकवरही चालला पाहिजे अशी अट आली, की गंमत सुरू होते.

समजा, एका नव्या प्रोग्रॅमरने पीएलसीतले आकडे वाचणारा प्रोग्रॅम सीमध्ये लिहिला. कारखान्यांत मॉडबस नावाची पद्धत फार चालते. मॉडिकॉन या कंपनीने १९७९ मध्ये ती आणली आणि १९९९ मध्ये तिची इथरनेटवर चालणारी आवृत्ती आली. या आवृत्तीचा पोर्ट क्रमांक, म्हणजे यंत्रातल्या ज्या दारातून हे बोलणं चालतं त्याचा क्रमांक, ५०२. प्रोग्रॅमरने टेबलावर बसून चाचणी घेतली. खरा पीएलसी जवळ नव्हता म्हणून त्याचं सोंग घेणारा छोटा सर्व्हरही स्वतःच लिहिला. दोन्ही प्रोग्रॅम एकमेकांशी झकास बोलले. कंपायलरने चकार शब्द काढला नाही. मग साइटवर जाऊन खऱ्या पीएलसीला जोडलं, तर जोडणीच होईना. केबल बदलून झाली, स्विच बंद-चालू करून झाला. शेवटी कुणीतरी पॅकेट पकडून पाहिलं. प्रोग्रॅम ५०२ वर जातच नव्हता. तो ६२९७७ या पोर्टचं दार ठोठावत होता.

हा आकडा आकाशातून पडलेला नाही. ५०२ दोन बाइटांत लिहिला तर १ आणि २४६ होतात, कारण २५६ अधिक २४६ म्हणजे ५०२. नेटवर्कवर मोठा बाइट आधी, धाकटा नंतर, असा दंडक आहे. पण इंटेलचे आणि बहुतेक एआरएम प्रोसेसर मेमरीत धाकटा आधी ठेवतात. न उलटवता तसेच पाठवले, तर पलीकडे २४६ आणि १ असं वाचलं जातं. २४६ गुणिले २५६, अधिक १: बरोबर ६२९७७. हा क्रम लावून द्यायला 'एचटॉन्स' नावाचं एवढंसं फंक्शन असतं आणि प्रोग्रॅमर ते विसरला होता. टेबलावर चाललं कसं? सोंगाड्या सर्व्हरही त्याचाच होता, तिथेही तो विसरला होता. दोघेही ६२९७७ वर भेटून खूश होते.

दोन चुका मिळून एक बरोबर उत्तर येणं, हा या धंद्यातला सगळ्यांत वाईट प्रकार. चुकीचं तापमान निदान डोळ्यांत तरी भरतं. ४५.० अंश दाखवण्यासाठी पीएलसी बऱ्याचदा ४५० हा आकडा पाठवतो. बाइट उलटे वाचले तर पडद्यावर ४९६६.५ अंश दिसतात आणि ऑपरेटर लगेच फोन उचलतो. मॉडबसची मात्र आणखी एक खोड आहे. एका रजिस्टरमध्ये दोनच बाइट मावतात, म्हणून दशांशाचे चार बाइटांचे आकडे दोन रजिस्टरांत वाटले जातात. त्यांतलं आधी कुठलं, हे मॉडबस सांगत नाही. ते पीएलसी बनवणाऱ्याच्या मर्जीवर. मेंटेनन्सची माणसं हे कंपनीच्या माहितीपुस्तकात शोधतात आणि नाहीच सापडलं तर दोन्ही क्रम लावून बघतात.

इतक्या वेगळ्या यंत्रांवर सॉकेटची फंक्शनं मुळात सारखी कशी, असा प्रश्न पडायला हवा. उत्तर कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात आहे. १ जानेवारी १९८३ ला इंटरनेटच्या पूर्वजाने, म्हणजे अर्पानेटने, संवादाची जुनी पद्धत टाकून टीसीपी-आयपी स्वीकारलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्कलीच्या युनिक्सची ४.२ ही आवृत्ती बाहेर पडली. सॉकेट, बाइंड, लिसन, अॅक्सेप्ट, कनेक्ट, सेंड, रिसीव्ह ही सगळी मंडळी तिच्यातली. आज चाळीस वर्षांनंतरही पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात नेटवर्कच्या प्रॅक्टिकलला मुलं हीच नावं त्याच क्रमाने लिहितात. संगणकाच्या जगात एवढं टिकलेलं फार थोडं आहे.

युनिक्सचा स्वभाव असा, की जे काही वाचता-लिहिता येतं ती फाइल. त्यामुळे सॉकेटही एका साध्या पूर्णांकाने ओळखलं जातं, फाइलसारखं वाचलं जातं आणि फाइलसारखंच 'क्लोज' केलं जातं. विंडोज ३.१ मध्ये ही सोय नव्हती. तिथे टीसीपी-आयपी सिस्टीममध्येच नव्हतं; निरनिराळ्या कंपन्या ते वरून बसवायला विकत आणि प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. एका कंपनीच्या नेटवर्कवर चालणारा प्रोग्रॅम दुसरीच्या नेटवर्कवर चालेल याची खात्री नाही. १९९१ च्या शरदात इंटरॉप या व्यापारी मेळाव्यात काही मंडळी एकत्र बसली आणि सर्वांसाठी एकच तऱ्हा ठरवायचं त्यांनी मनावर घेतलं. तिचं नाव विनसॉक. पहिली आवृत्ती जून १९९२ ची, आणि प्रत्यक्ष गाजलेली १.१ ही आवृत्ती जानेवारी १९९३ ची. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हा ज्यांच्याकडे विंडोज ३.१ होतं त्यांना मॉडेम जोडण्याआधी बऱ्याचदा ट्रम्पेट विनसॉक नावाचा एक प्रोग्रॅम चढवावा लागे. टास्मानियातल्या पीटर टॅटम यांनी तो लिहिला होता.

विनसॉक करणाऱ्यांनी शहाणपण दाखवलं. नवी भाषा शोधत न बसता त्यांनी बर्कलीचीच फंक्शनं उचलली. पण विंडोजचा पाया वेगळा, त्यामुळे काही ठिकाणी शिवण उघडी राहिली आणि ती अजून उघडीच आहे.

सुरुवात सुरुवातीपासूनच. विंडोजवर सॉकेट मागण्याआधी 'डब्ल्यूएसए-स्टार्टअप' हे फंक्शन बोलवावं लागतं. कुठल्या कंपनीचं नेटवर्क बसवलेलं आहे याचा पत्ता तेव्हा आधी लावावा लागे, त्या काळाची ही खूण. ते विसरलं तर पहिलंच सॉकेट मिळत नाही आणि चूक लगेच कळते. म्हणून ही चूक निरुपद्रवी. खरा उपद्रव बंद करताना होतो. युनिक्सवर 'क्लोज', तर विंडोजवर 'क्लोज-सॉकेट'. वाईट गोष्ट अशी, की विंडोजच्या सी लायब्ररीतही 'क्लोज' नावाचं फंक्शन आहे, पण ते फाइलींसाठी. त्यामुळे कोड कंपाइल होतो, काही कंपायलरांवर चालतोही, फक्त सॉकेट बंद होत नाही. दर पाच सेकंदांनी नवी जोडणी करून पीएलसी वाचणारा प्रोग्रॅम अशा रीतीने दिवसाला १७,२८० सॉकेट उघडी टाकून जातो. टेबलावरच्या दहा मिनिटांच्या चाचणीत काहीच दिसत नाही. कारखाना तीन पाळ्यांत चालतो, तेव्हा काही दिवसांनी पीसी मंदावतो. मग कुणीतरी तो रीस्टार्ट करतं आणि सगळं पुन्हा ठीक. असा प्रोग्रॅम 'दर सोमवारी रीस्टार्ट करा' असा कागद चिकटवून वर्षानुवर्षं चालवता येतो.

दुसरी शिवण सॉकेटच्या प्रकाराची. युनिक्सवर तो चिन्ह असलेला पूर्णांक आहे, म्हणून सॉकेट मिळालं नाही तर उणे एक येतो आणि लोक 'शून्याहून लहान आहे का' असं तपासतात. विंडोजवर तो चिन्हाविना असलेला पूर्णांक. तो शून्याहून लहान कधीच नसतो. म्हणजे तपासणी लिहिलेली असते, पण ती कधीच काही पकडत नाही.

वेळमर्यादेचं तर विचारूच नका. 'पाच सेकंदांत उत्तर आलं नाही तर सोडून दे' असं सॉकेटला सांगायचं, तर लिनक्सवर सेकंद आणि मायक्रोसेकंद असे दोन रकाने भरून द्यायचे असतात; विंडोजला एकच आकडा हवा असतो, तोही मिलिसेकंदांत. लिनक्सचा कोड तसाच उचलला तर विंडोज पहिल्या रकान्यातला ५ वाचून पाच मिलिसेकंद समजू शकतं. मग पीएलसी 'कधी कधी' उत्तर देत नाही अशी तक्रार येते, आणि दोष जातो बिचाऱ्या केबलवर.

चुकांच्या क्रमांकांत एक सुरेख गोष्ट दडली आहे. पलीकडच्याने जोडणी तोडली, तर मॅकवर ५४ हा क्रमांक मिळतो, लिनक्सवर १०४ आणि विंडोजवर १००५४. 'आत्ता काही आलेलं नाही, नंतर बघ' यासाठी मॅकवर ३५, लिनक्सवर ११, विंडोजवर १००३५. मॅकच्या आकड्यात दहा हजार मिळवले की विंडोजचा आकडा. दोघांनीही तो बर्कलीकडून घेतला. विनसॉकने इतर क्रमांकांशी गोंधळ नको म्हणून दहा हजारांची भर घातली. लिनक्स तेवढं वेगळ्या वाटेने गेलं. म्हणून कोडमध्ये आकडा लिहिणारा फसतो आणि नाव लिहिणारा वाचतो. विंडोजवर हा क्रमांक विचारण्याचं फंक्शनही निराळं आहे, हे ओघाने आलंच.

मग यावर उपाय काय? नवखा माणूस जिथे फरक दिसेल तिथे 'विंडोज असेल तर हे, नाहीतर ते' अशी अट घालतो. शंभर ओळींच्या प्रोग्रॅममध्ये ते खपतं. दहा हजार ओळींत कोड वाचणंच अशक्य होतं, कारण प्रत्येक पानावर दोन प्रोग्रॅम एकमेकांत गुंतलेले असतात. दौंडकरांना अशाच एका अडचणीची जुनी आठवण असेल. दौंडला येणारी मुख्य लाइन ब्रॉडगेज, आणि बारामतीला जाणारी गाडी कितीतरी वर्षं नॅरोगेजची. डबे एका रुळावरून दुसऱ्यावर जाणं शक्यच नव्हतं. पण म्हणून वाटेतल्या प्रत्येक स्टेशनावर कुणी दोन्ही मापांचे रूळ घातले नाहीत. माल उतरवणं-चढवणं व्हायचं ते दौंडलाच.

कोडमध्येही असं एक दौंड ठरवायचं. एक फाइल अशी, की सॉकेट उघडणं, बंद करणं, वेळमर्यादा लावणं, चूक विचारणं ही कामं फक्त तिथेच होतात आणि 'विंडोज की लिनक्स' हा प्रश्न फक्त तिथेच विचारला जातो. बाकी प्रोग्रॅमने आपलीच नावं वापरायची. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये बाहेर आणलेला, नेटवर्कवरून माहिती आणणारा कर्ल हा प्रोग्रॅम याचं उघडं उदाहरण. तो सीमध्ये आहे आणि फोनपासून मोटारीपर्यंत नाना यंत्रांवर चालतो. त्यात सॉकेट बंद करायला स्वतःचं आखूड नाव आहे; चुकांचे क्रमांक विचारायलाही स्वतःचं नाव. खाली कोणती सिस्टीम आहे याचा विचार वरचा कोड करत नाही. त्याचा कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे, आणि पाठ्यपुस्तकातल्या दहा प्रकरणांपेक्षा त्याची एक फाइल नीट वाचलेली जास्त उपयोगी.

आणखी एक मुद्दा सिस्टीमच्या फरकाचा नाही. पण सिस्टीम बदलली की तो उघडा पडतो, म्हणून इथेच. मॉडबसने दहा रजिस्टरं मागायची तर १२ बाइटांची विनंती जाते आणि २९ बाइटांचं उत्तर येतं: सात बाइटांचा मथळा, दोन बाइट माहिती आणि वीस बाइट आकडे. प्रोग्रॅमर एकदा 'रिसीव्ह' लिहितो, २९ बाइट मिळतात, तो पुढे जातो. पण टीसीपीने २९ एकदम देण्याचं वचन कधीच दिलेलं नाही. आधी नऊ, मग वीस, असेही ते देऊ शकतं. एकाच टेबलावरच्या दोन यंत्रांत हे सहसा घडत नाही. मध्ये वायफाय किंवा मोबाइलचं नेटवर्क आलं की घडतं. म्हणून बाइट पुरे होईपर्यंत फेरा मारत राहायचं. यात चतुराई काही नाही, तरी न मारलेल्या फेऱ्यांनी बिघडवलेल्या रात्री या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा.

पुणे जिल्ह्यातलं सॉकेटचं सर्वांत भव्य काम मात्र कारखान्यात नाही. ते पाहायला खोडदला जावं लागतं. खोडद जुन्नर तालुक्यातलं, लोकसभेच्या नकाशात शिरूर मतदारसंघातलं. तिथली महाकाय दुर्बीण, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या चौदा मध्यभागी दाटीने आणि सोळा तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. सगळ्यांचे संकेत ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतात.

प्रत्येक तबकडीचे दोन संकेत, म्हणजे एकूण साठ. दुर्बिणीची अलीकडे सुधारणा झाली, तेव्हापासून एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा पाहता येतो. तेवढा पट्टा टिपायचा तर प्रत्येक संकेताचे सेकंदाला किमान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. साठांचे झाले ४,८०० कोटी, दर सेकंदाला. हे नमुने रोच नावाच्या बोर्डांवर घेतले जातात आणि दहा गिगाबिटच्या इथरनेटवरून लिनक्सच्या संगणकांकडे सोडले जातात. तिथे ग्राफिक्स कार्डं पुढचं गणित करतात. या बोर्डांवर स्वतःचा एक पॉवरपीसी प्रोसेसर असतो. तो मोठा बाइट आधी ठेवणाऱ्या पंथाचा, आणि समोरचे इंटेलचे संगणक धाकटा आधी ठेवणारे. दोन्हीकडे लिनक्स असूनही बाइटांची उलटापालट टळत नाही. रोच बोर्डांशी नियंत्रणाचं बोलणं करायला दक्षिण आफ्रिकेच्या दुर्बिणीवाल्यांनी जी पद्धत बसवली, तिच्यात मात्र सगळं साध्या अक्षरांच्या ओळींतून जातं. अक्षरं उलटी होण्याचा प्रश्नच नाही. आज्ञा थोड्या असतात, तिथे ही चैन परवडते. नमुन्यांच्या लोंढ्यात परवडत नाही.

अशा लोंढ्याला टीसीपी चालत नाही. हरवलेलं पॅकेट ते पुन्हा मागवतं, आणि आकाशातून आलेला नमुना पुन्हा मागवायला वेळ कुणाकडे आहे? इथे यूडीपी वापरतात: पाठवलं आणि विसरलं. मग सगळी भिस्त घेणाऱ्याच्या वेगावर आणि सॉकेटच्या राखीव जागेवर. ही जागा वाढवून मागता येते, पण लिनक्सचा हिशेब चमत्कारिक आहे. मागाल त्याच्या दुप्पट दिल्याचं ते सांगतं, कारण स्वतःच्या नोंदींचा खर्चही त्यात धरतं. आणि सिस्टीमने घातलेल्या कमाल मर्यादेपलीकडे मागितलं तर काही न बोलता मर्यादेएवढीच देतं. दिली का, हे उलट विचारून पाहिल्याशिवाय कळत नाही. विंडोजची यूडीपीमधली खोड निराळी. पलीकडे कुणी ऐकत नसेल, तर पुढच्या वाचनाला ते चक्क १००५४, म्हणजे 'जोडणी तुटली', असं उत्तर देतं. यूडीपीत जोडणी नसतेच, मग तुटली कुठली? लिनक्सवर वाढलेला प्रोग्रॅमर इथे हमखास बुचकळ्यात पडतो.

खोडदचं एक भाग्य असं, की दोन्ही टोकांची यंत्रं आपणच निवडायची. रांजणगाव-कुरकुंभला ते नशीब नाही. तिथे पीएलसी एका देशाचा, स्काडा दुसऱ्याचं, पीसी जुना, आणि ऑडिट होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. म्हणून सगळीकडे चालणाऱ्या कोडची खरी गरज दुर्बिणीपेक्षा कारखान्याला जास्त आहे, आणि तिकडे लक्ष मात्र कमी जातं.

हजारो जोडण्या एकाच वेळी सांभाळायच्या, तर सिस्टीमगणिक हत्यार वेगळं: लिनक्सवर ईपोल, मॅक आणि फ्रीबीएसडीवर केक्यू, विंडोजवर कम्प्लीशन पोर्ट. पहिली दोन 'आता वाच' असं सांगतात, तिसरं 'वाचून झालं' असं. ही दरी स्वतः बुजवायच्या भानगडीत शहाण्याने पडू नये. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड-जेएसला विंडोजवर नेताना २०११ मध्ये लिब-यूव्ही नावाची लायब्ररी तयार झाली. ती हेच काम करते आणि फुकट मिळते. कारखान्यातल्या दहा-वीस पीएलसींना जुनं 'सिलेक्ट' पुरतं. फक्त विंडोजवर ते मुळात ६४ सॉकेटांपुरतं असतं, लिनक्सवर १०२४ पर्यंत.

शिरूर-दौंडच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या ज्या कुणाला हे करून पाहायचं असेल, त्याला दोन संगणक लागत नाहीत. विंडोजच्या लॅपटॉपमध्येच लिनक्सचा खरा कर्नल चालवण्याची सोय मायक्रोसॉफ्टने २०२० पासून सर्वांना दिली आहे. एकीकडे सर्व्हर चालवा, दुसरीकडे क्लायंट, मग अदलाबदल करा. सर्व्हरला एकेक बाइट थांबत थांबत पाठवायला लावा, आणि बोलणं चालू असतानाच त्याला बंद पाडा. क्लायंट एक रात्र तसाच चालू ठेवा आणि सकाळी उघडी सॉकेटं किती आहेत ते मोजा. आणि चाचणीचा सर्व्हर स्वतः लिहू नका; वर्गातल्या दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या.